यादीबाहेरचा एक प्रश्न

बाबल,

आपल्या मंडळीच्या पत्रिकेत गेलेल्या माणसाविषयी चार ओळी छापायची रीत आहे. जन्म कुठला, बाप्तिस्मा कधी झाला, मंडळीची कोणती सेवा केली, मागे कोण आहेत. त्या चार ओळी बरीच वर्षं मीच लिहितो. परवा तुझ्यासाठी लिहायला बसलो आणि दुसऱ्याच ओळीला अडलो. तुझा बाप्तिस्मा झालाच नाही, आणि तो न होण्याचं कारण मी आहे. तेव्हा पत्रिकेत तुझं नाव येणार नाही. हे मी तुलाच लिहितो आहे. तू असताना हे बोलायची हिंमत मला झाली नाही.

तू पहिल्यांदा आलास तो रविवार मला नीट आठवतो. डिचोलीच्या बाजारामागे एका भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत आपली उपासना भरते. कोल्हापूर-बेळगावकडून कामधंद्यासाठी आलेली पंधरा-वीस मराठी ख्रिस्ती कुटुंबं, बस. मीही त्यांतलाच, गडहिंग्लजकडचा, इथल्या शाळेत मास्तर म्हणून आलेला. उपासना संपली होती आणि मी सतरंज्या गुंडाळत होतो. तू दारात उभा होतास. धुतलेला शर्ट, पण पायांच्या भेगांत खाणीची तांबडी माती तशीच. मी विचारलं, कोण हवंय? तू म्हणालास, "पाळीच्या रस्त्यावर खुरीस असा मा, त्याच्यावर कोणच नाय. मगे तो गेलो खय?"

रस्त्याकडेच्या पांढऱ्या क्रुसाला इथे सगळेच खुरीस म्हणतात, आणि येता-जाता कोणीही तिथे मेणबत्ती लावतं, हे मला ठाऊक होतं. पण त्या क्रुसावरचा माणूस कुठे गेला, असं विचारत कोणी आपल्या दारात येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी मास्तर, त्यामुळे उत्तर तयार होतं. म्हटलं, "तो मेला, आणि तिसऱ्या दिवशी उठला."

तू मान हलवलीस. "माका तसाच वाटलेला," म्हणालास. "कारण कोण तरी ऐकत असता."

मग तुझी हकिकत हळूहळू कळत गेली. तू इब्रामपूरचा. वर्षानुवर्षं पाळीच्या खाणीवरून खनिजाचा टिपर चालवलास. ट्रकांची रांग लागली की ती तासन्‌तास हलायची नाही, आणि तुझा ट्रक बहुतेक वेळा त्या खुरसासमोरच अडकायचा. रत्ना, तुझी बायको, तापाने चार दिवसांत गेली. मुलगा सगुण तेव्हा शाळेत. थोरली बहीण, आक्का, घर सांभाळायला आली होती. घरी जाऊन मनातलं बोलायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून तू रांगेतच बोलायला लागलास. इंजिन बंद करून, काच खाली करून, त्या खुरसाशी. "तो काय बोलणा नाय," तू मला सांगितलंस, "पण मधीच तोडणा पण नाय."

मी विचारलं, मग इगर्जीत, इथल्या कॅथलिक चर्चमध्ये, का नाही गेलास? तर म्हणालास, तिथलं पुस्तक रोमी लिपीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत, तुला वाचता येत नाही. इब्रामपूरच्या शाळेत तू मराठी शिकला होतास, आणि आपल्या दारावरची पाटी मराठीत होती. एवढ्या साध्या कारणाने तू आमच्याकडे आलास. कधीकधी वाटतं, तू इगर्जीत गेला असतास तर बरं झालं असतं. निदान माझ्या हाती लागला नसतास.

त्याच सुमारास खाणी बंद पडल्या. तुझा टिपर घरापुढे उभा राहिला आणि त्याच्या टपावर भोपळ्याचा वेल चढला. तू काजू आणि मिरची करायला लागलास, आणि दर रविवारी स्कूटरवरून डिचोलीला यायला लागलास. पाळकसाहेबांनी तुला शिकवायचं काम माझ्याकडे दिलं. बाप्तिस्मा घ्यायचा तर आधी विश्वासांगीकार पाठ हवा, म्हणजे मंडळी कशावर विश्वास ठेवते त्याची जुनी, ठरलेली कबुली. मग तिचा अर्थ. शेवटी पंचांपुढे प्रश्नोत्तरं. मी पंच, आणि शिकवणाराही मीच.

विश्वासांगीकार मला सातव्या वर्षी पाठ झाला. वडिलांनी करून घेतला होता, जेवायच्या आधी म्हणून दाखवायचा. तुला तो तीन आठवड्यांत पाठ झाला, पण तू तो म्हणायचास आरतीच्या चालीत, मान डोलावत. एस्तेर, माझी बायको, स्वयंपाकघरातून ऐकायची. एकदा म्हणाली, "अहो, तुम्ही म्हणता तेव्हा मी कधी ऐकलंच नव्हतं हे." मी ते हसण्यावारी नेलं. पण ते मला लागलं होतं, हे आता कबूल करतो.

एका ओळीवर तू थांबलास. वधस्तंभावर मेल्यानंतर ख्रिस्त मेलेल्यांच्या जगात उतरला, असं त्या कबुलीत आहे. मी आयुष्यभर ती ओळ भरभर म्हणून पुढे गेलो होतो. तू तिच्यावर बोट ठेवलंस.

"म्हणजे तो थय पण जाऊन इलो?"

"हो."

"मगे रत्ना त्याका भेटली असतली."

मी तुला समजावलं, की त्या ओळीचा अर्थ तसा नाही. तो उतरला त्याला दोन हजार वर्षं होत आली, तुझी बायको गेली आत्ता आत्ता.

तू हसलास. "त्याच्याकडे घड्याळ असा काय, मास्तर?"

तुझ्या त्या प्रश्नावर मी चिडलो. मी म्हणालो, जिने जिवंतपणी त्याचं नाव घेतलं नाही ती त्याच्या बाहेर आहे, असं मंडळी मानते. ‘बाहेर’ हा शब्द मी शाळेत वर्गातून काढून देताना ज्या आवाजात म्हणायचो त्याच आवाजात म्हणालो. ज्या बाईने तुझा संसार केला, सगुणला वाढवलं, तुळशीला रोज पाणी घातलं, तिच्याबद्दल. वही मिटलीस, एस्तेरने दिलेला चहा प्यालास आणि गेलास. मला वाटलं, आता हा येत नाही. पुढच्या रविवारी तू पिशवीभर हिरव्या मिरच्या घेऊन हजर. मला म्हणालास, "ता रत्नाचा आपण मागाहून बघूया. पुढचा शिकव."

ते मागाहून कधी आलंच नाही.

त्या पावसाळ्यात एस्तेरच्या पोटातली गाठ काढायची ठरली. म्हापशाच्या इस्पितळात तिला आत नेलं तेव्हा बाहेरच्या बाकावर मी एकटाच होतो. मंडळीतली माणसं कामावर गेली होती. तू मात्र इब्रामपूरहून आलास, अंगावरचा रेनकोट ठिबकत होता. माझ्या शेजारी बसलास. मी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, रोजची, पाठ असलेली, आणि मधल्याच एका ओळीला विसरलो. पन्नास वर्षं म्हणत आलेलो, आणि पुढचा शब्दच सुचेना. मग तू बोलायला लागलास. डोळे उघडे ठेवून, समोरच्या भिंतीकडे बघत, अगदी साध्या आवाजात.

"अरे, ही एस्तेर आत असा. तुका ठावक असा ती. मास्तर भियालो हा. तू आत जा तिच्याकडे. हय मास्तराकडे मी बसतंय."

पलीकडच्या दोन बायका वळून पाहायला लागल्या. मला लाज वाटली. मी मंडळीचा पंच, आणि माझ्या भीतीची वर्दी हा माणूस देवाला देत होता, चारचौघांत. पण खरं सांगायचं तर त्यानंतर माझी भीती उतरली. तू म्हणालास तसाच तू बसून राहिलास, चार तास, डॉक्टर बाहेर येईपर्यंत. एस्तेर बरी झाली. तिला मी सांगितलं की बाबल आला होता. तू काय बोललास ते सांगितलं नाही.

लाजेच्या खाली आणखी काहीतरी होतं. त्याला नाव द्यायला मला इतकी वर्षं लागली. तो हेवा होता. मी ज्याच्याविषयी सगळं जाणत होतो त्याला तू ओळखत होतास.

दोन महिन्यांनी तू पंचांपुढे बसलास. पाळकसाहेब, मी आणि आणखी दोघे. छापील यादीत दहा प्रश्न होते. दहाही प्रश्नांची उत्तरं तू दिलीस, काही पुस्तकाच्या शब्दांत, काही तुझ्या. पाळकसाहेब खूश होते. ते वही मिटायला लागले, तेवढ्यात मी म्हणालो, "अजून एक." आणि तुला विचारलं, "ख्रिस्तावर विश्वास न ठेवता जे मेले, त्यांना तारण आहे की नाही?"

तो प्रश्न यादीत नव्हता, बाबल. त्याआधी तो आम्ही कोणालाही विचारला नव्हता, आणि नंतरही कधी विचारला नाही. तू काय उत्तर देणार हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच विचारला.

तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. जरा वेळ थांबलास, मला तो प्रश्न मागे घ्यायचा असेल तर घेऊ द्यावा, असा. मी घेतला नाही.

"तो कोणाक भायर ठेवीत असा माका दिसणा नाय," तू म्हणालास. "आणि रत्नाक भायर ठेवून मी एकटोच आत येऊ? ता माका जमूचा नाय."

पाळकसाहेब तेव्हा नवीन होते, तरुण होते. ते माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, तयारी अपुरी आहे. वहीत तेच शब्द गेले, माझ्याच अक्षरात.

घरी आल्यावर एस्तेरने विचारलं, "झालं ना बाबलचं?" मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "असं काय विचारलंत त्याला?" मी म्हणालो, "छापील प्रश्नच." तीस वर्षांच्या संसारात मी तिच्याशी इतकं सरळ खोटं पहिल्यांदा बोललो.

तू यायचा थांबला नाहीस, याचा मला तेव्हा रागच यायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, ख्रिस्ताच्या आठवणीसाठी भाकर मोडून सगळे वाटून खातात. भाकरीचं ताट घेऊन ओळीने फिरायचं काम माझं. बाप्तिस्मा न झालेल्यापुढे ताट धरायचं नसतं. ते सुरू व्हायच्या जरा आधी तू उठायचास आणि बाहेर ओसरीवर जाऊन उभा राहायचास. ताट घेऊन तुला ओलांडून जायची पाळी माझ्यावर येऊ नये म्हणून. मंडळीतल्या नव्या माणसांना वाटायचं, तू विडी ओढायला जातोस. मी कोणाचाही गैरसमज दूर केला नाही. दोन वेळा मी तुला म्हटलं, पुन्हा पंचांपुढे बस. तू विचारलंस, "प्रश्न तोच असतलो मा?" मी म्हणालो, हो. "मगे उत्तर पण ताच." आणि खांद्यावर हात ठेवून गेलास.

या काळात तू काय काय केलंस ते पत्रिकेत कधी छापलं गेलं नाही. उपासनेच्या घराची कौलं दर वर्षी पावसाआधी तू शाकारलीस. मंडळीतलं कोणी आजारी पडलं की पहिल्यांदा तू जायचास. मी जायचो तेव्हा शास्त्र वाचून दाखवायचो आणि निघायचो. तू नुसता बसायचास. माझ्या जाण्याने कोणाला काय मिळालं मला माहीत नाही, पण तू येऊन गेलास हे लोक मला पुनःपुन्हा सांगायचे.

एकदा सगळे गेल्यावर आपण पायरीवर बसलो होतो. तू विचारलंस, "मास्तर, तुझ्याकडे तो बोलता काय?"

मी म्हणालो, "तो शास्त्रातून बोलतो."

"ता झाला. पण तुझ्याकडे?"

मी कुलपाची किल्ली शोधायला लागलो. किल्ली माझ्या हातातच होती. तू ते पाहिलंस. पुन्हा कधी विचारलंही नाहीस. त्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं होतं, बाबल. तू तर मला त्याबद्दल कधीच नापास केलं नसतंस. उलट म्हणाला असतास, थांब, मी त्याला सांगतो. तेवढ्यासाठी तरी सांगायला हवं होतं.

यंदा काजूला मोहोर आला तेव्हाच तू खोकत होतास. मग रविवारी येणं बंद झालं. सगुणचा फोन आला की छातीत पाणी झालंय, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. एका बुधवारी दोन बस बदलून मी इब्रामपूरला आलो. सगुण कारखान्यात कामावर गेला होता. आक्काने मला तुझ्याजवळ नेऊन बसवलं. तू इतका वाळला होतास की मी आधी भिंतीवरच्या तुझ्या जुन्या फोटोकडेच पाहिलं.

"मास्तर, आणलंस?"

"काय?"

"तुझी ती रविवारची भाकर."

मला कळलं. आणि कळूनही मी तेच बोललो जे मी नेहमी बोलत आलो. म्हटलं, पाळकसाहेब परगावी आहेत, त्यांच्याशिवाय मला देता येत नाही. तुझा बाप्तिस्माही झालेला नाही. मी विचारून बघतो. रविवारपर्यंत थांब.

तू म्हणालास, "बरा."

आक्का चहा घेऊन आली. सोबत पदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, दोन उंडे, ते गोल, कडक पाव. तू त्यातला एक उचललास. मोडायला तुला बराच वेळ लागला, बोटांत जोर नव्हता. मदत करायला मी हात पुढे केला तर तू मान हलवलीस. मग अर्धा तुकडा माझ्यापुढे धरलास. "मगे तू तरी खा. लांबसून इलंस."

मी खाल्ला. चहात बुडवून, आक्काला परतीची बस किती वाजता आहे ते विचारत. उरलेल्या अर्ध्यातला एक घास तू तोंडात ठेवलास आणि डोळे मिटून पडून राहिलास. मला वाटलं, थकलास.

बस असनोड्याच्या जवळ आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण दोघांनी काय केलं होतं. म्हणजे तू काय केलं होतंस. मी फक्त पाव खाल्ला होता. उतरून परत जावं असं फार वाटलं. परत जाऊन तुझ्यापुढे बसावं आणि म्हणावं, बाबल, पुन्हा दे. पण अंधारायच्या आत घरी पोचायचं होतं, एस्तेर एकटी होती, अशी कारणं माझ्याकडे नेहमीच असतात. मी बसून राहिलो. शुक्रवारी तू गेलास.

आता जे सांगायचं आहे ते सगळ्यांत कठीण आहे.

स्मशानात सगळा गाव होता. तुझ्याबद्दल गावात कुजबुज आधीपासून होती, की बाबल बाटलो, डिचोलीचे लोक त्याला नादाला लावतात. मला पाहून दोघं-तिघं एकमेकांशी काही बोललेही. लाकडं रचून झाली. सगुण माझ्याजवळ आला, सगळ्यांदेखत. शांतपणे म्हणाला, "मास्तर, बाबा तुमच्यातले होते ना? काही म्हणायचं असलं तर म्हणा. मग मी पुढचं करतो."

त्या पोराची हिंमत बघ. गावापुढे, भावकीपुढे त्याने तुझ्यासाठी माझ्याकडे दोन शब्द मागितले. सगळे माझ्याकडे पाहत होते. आणि मी म्हणालो, "नाही. ते आमच्या मंडळीत नव्हते. नोंदीत नाव नाही."

मी भ्यालो होतो, हे खरं. पण नुसता भ्यालो असतो तर ते सोसता आलं असतं. मला त्या वेळी आपण अगदी बरोबर, नियमाला धरून बोललो असंही वाटलं. सगुण "बरं" म्हणाला आणि वळला. त्याने अग्नी दिला. मी धुराच्या उलट बाजूला सरकून उभा राहिलो.

घरी आलो आणि एस्तेरला सगळं सांगितलं. स्मशानातलं, बुधवारचं, आणि त्या जास्तीच्या प्रश्नाचंही. इस्पितळात तू काय म्हणाला होतास तेसुद्धा, तुझ्याच शब्दांत. तेवढं ऐकून ती रडली. बाकीचं ऐकताना ती तांदूळ निवडत होती, ती थांबली नाही. शेवटी म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? जिथे नाही म्हणालात तिथे जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांना पत्र लिहिलं. यादीबाहेरचा प्रश्न मी का विचारला होता ते स्पष्ट लिहिलं, आणि पंचपद सोडतो असंही. ते संध्याकाळी घरी आले. म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी मीही गप्प बसलो होतो." आम्ही दोघांनी मिळून प्रार्थना केली. ती पाठ असलेली नव्हती. फार अडखळत झाली.

विश्वासांगीकार मी अजून म्हणतो, बाबल. तो मला सोडवत नाही, आणि तूही कधी सोड म्हणाला नव्हतास. तुला त्यातलं सगळं मान्य होतं, माझ्यापेक्षा जास्तच होतं. आता त्या ओळीशी मी आपोआप थांबतो. तो खाली उतरला, असं म्हणतो, आणि तुझी रत्ना आठवते. तिला मी पाहिलेलंही नाही. ही ओळ मला पन्नास वर्षं पाठ होती. ती मला पहिल्यांदा ऐकू आली ती तुझ्यामुळे. याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले, आणि क्षमा मागायची राहिली. दोन्ही एकाच वेळी कसं करतात मला येत नाही.

बाराव्याला मी इब्रामपूरला गेलो. आमच्या घरी असल्या जेवणाला जायची रीत नाही. माझे वडील सख्ख्या मित्राच्या बाराव्यालाही दारातून परत आले होते. मांडवात पहिली पंगत बसत होती. सगुणने मला पाहिलं आणि नुसता हात जोडून नमस्कार केला. मी म्हणालो, मला दोन शब्द बोलायचे आहेत. तो बाजूला झाला.

मी शाळेत इतकी वर्षं बोललो, उपासनेत बोललो, पण अशा मांडवात कधी बोललो नव्हतो. मी म्हणालो, "त्या दिवशी स्मशानात सगुणने मला विचारलं, आणि मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. बाबल ख्रिस्ताचा होता. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त होता. त्याला कोणी बाटवलं नाही. तो आपणहून आला होता, आणि ज्याने त्याला दाराबाहेर ठेवलं तो मी."

पंगतीतले काही खाली पाहत होते, काही माझ्याकडे. कुजबुज करणारे त्यात होते की नव्हते, मी पाहिलं नाही. मला वाटलं, आता कोणीतरी उठेल, भांडेल, निदान जा म्हणेल. मला ते हवंही होतं.

आक्का भाताचं भांडं कमरेवर घेऊन पंगतीच्या टोकाला उभी होती. ती म्हणाली, "ता आमका ठावक होता, मास्तर. दर सांजेक त्या टिपरात बसून बोलायचो तो. आमी ऐकायचो." मग तिने भांडं खाली ठेवलं, आणखी एक पान मांडलं. "तू बस आदी. जेव."

शेजारच्या माणसाने मांडी आवरून जागा दिली. मी बसलो.